नाव आणि पकड : प्रतिपिंडांच्या नामकरणातून परिभाषेचा एक धडा

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दाच्या रूपापाशी थांबते. शब्द संस्कृत असावा की इंग्रजी, बोजड आहे की सुटसुटीत, हिंदीशी जुळता असावा की वेगळा, असे हे वाद असतात. शब्द ज्या वस्तूसाठी घडवला ती वस्तू तो नेमकी पकडतो का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार एका दूरच्या वाटणाऱ्या क्षेत्राच्या आधारे करायचा आहे. ते क्षेत्र म्हणजे रक्तातील संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी प्रतिपिंडे. नावांचा गोंधळ तिथेही झाला होता. तो कसा निस्तरला, हे भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखे आहे.

बालाघाटसारख्या सीमाभागात या प्रश्नाला व्यावहारिक धार आहे. १८६७ मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा तयार झाला. येथील कितीतरी घरांत मराठी किंवा पोवारी बोलली जाते, शाळा हिंदीत असते आणि तपासणीचा कागद इंग्रजीत येतो. उपचारासाठी माणूस कधी गोंदिया-नागपूरला जातो, कधी जबलपूरला. एकाच आजाराबद्दल त्याला तीन भाषांतले शब्द ऐकावे लागतात. ते तिन्ही शब्द एकाच गोष्टीला लागतात की नाही, हे त्याला कोणी सांगत नाही.

शब्दाची वाट

'प्रतिपिंड' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीवरून आला, पण त्याचे मूळ जर्मन आहे. १८९० मध्ये बर्लिन येथे बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवले, की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर त्यालाही संरक्षण मिळते. रक्तद्रवातील या अज्ञात पदार्थाला पुढच्याच वर्षी पाउल एर्लिख यांच्या लेखनात 'अँटिक्योर्पर' असे नाव आढळते. 'क्योर्पर' म्हणजे शरीर, पिंड. इंग्रजीने त्याचे 'अँटिबॉडी' केले आणि आपण 'प्रतिपिंड'. तीन भाषांतून शब्द चालत आला, परंतु वस्तूविषयी त्याने कोठेच फारसे काही सांगितले नाही. प्रतिपिंड हे शरीर नव्हे, ते एक प्रथिन आहे. इंग्रजी वाय अक्षरासारखा त्याचा आकार असतो. त्या अक्षराच्या दोन टोकांना अशी जागा असते, की ती एखाद्या विशिष्ट रेणूच्या विशिष्ट भागालाच चिकटते.

ज्याला ते चिकटते तो 'प्रतिजन'. हा शब्द वर्गात हमखास अडतो, कारण विद्यार्थ्याला 'जन' म्हणजे लोक एवढेच ठाऊक असते. येथला 'जन' हा 'जनक' या शब्दातला आहे, उत्पन्न करणारा. 'ऑक्सिजन', 'हायड्रोजन' यांतला ग्रीक 'जन' आणि संस्कृतातला 'जन्' धातू हे एकाच मूळ कुळातले. प्रतिपिंडाला जन्म द्यायला लावतो तो प्रतिजन, इतके सांगितले की शब्द उघडतो.

मुंबईचा रक्तगट

पेशीच्या पृष्ठभागावरची खूण प्रतिपिंडाने ओळखणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी जवळचे उदाहरण रक्तगटाचे आहे. रक्तपेढीत रक्ताच्या एका थेंबात निळ्या बाटलीतील द्रव टाकतात, दुसऱ्या थेंबात पिवळ्या बाटलीतील. निळ्यात 'ए' या खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे असतात, पिवळ्यात 'बी'ला चिकटणारी. ज्या थेंबात लाल पेशींच्या गुठळ्या होतात, ती खूण त्या रक्तात आहे असे ठरते. दोन्हींत गुठळ्या झाल्या नाहीत तर गट 'ओ'.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. 'ओ' हे नाव दोन नकारांवरून दिले जाते. 'ए' नाही आणि 'बी' नाही, म्हणून 'ओ'. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जे रक्त नोंदवले, त्याने हे नाव अपुरे असल्याचे उघड केले. या रक्ताच्या पेशी 'ए'लाही दाद देत नव्हत्या आणि 'बी'लाही. नेहमीच्या रीतीने ते 'ओ' ठरले असते. परंतु त्या व्यक्तींच्या रक्तद्रवाने 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या केल्या. 'ए' आणि 'बी' या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात ती 'एच' नावाची खूणच त्यांच्या पेशींवर नव्हती. सर्वसाधारण 'ओ' रक्तात ती असते. अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्त दिले तर प्राणावर बेतू शकते. भारतात सुमारे दहा हजारांत एक असे प्रमाण सांगितले जाणारा हा गट 'बॉम्बे' या नावाने जगभर ओळखला जातो. १९९५ मध्ये शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे तेच राहिले.

'ओ' हे एकच नाव दोन भिन्न गोष्टींवर बसले होते. तिसऱ्या साक्षीदाराने ती चूक दाखवली. पुढील विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवावी.

एका रेणूची तीन नावे

लाल पेशींना दोन-तीन बाटल्या पुरतात. पांढऱ्या पेशींचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांतील लिम्फोसाइट नावाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात, पण कामे निरनिराळी करतात. काही प्रतिपिंडे बनवतात, काही इतरांना कामाला लावतात, काही विषाणूग्रस्त पेशींना मारतात. त्यांना वेगळे ओळखायचे तर पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरूनच ओळखावे लागते, आणि त्यासाठी अचूक प्रतिपिंडे हवीत. प्राण्याला टोचून मिळवलेल्या रक्तद्रवात मात्र शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी यावर उपाय शोधला. प्रतिपिंड बनवणारी प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, पण शरीराबाहेर ती फार काळ जगत नाही. कर्करोगाची पेशी मात्र वाढतच राहते. उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. संकरित पेशीला एकीचे कौशल्य मिळाले आणि दुसरीचे दीर्घायुष्य. तिच्या वंशातील सर्व पेशी एकच प्रतिपिंड बनवत राहतात, म्हणून त्याला मोनोक्लोनल, म्हणजे एकाच कुळीचे, प्रतिपिंड म्हणतात. या कामासाठी दोघांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासह मिळाले.

साधन हाती येताच नावांचा पूर आला. जी प्रयोगशाळा नवे प्रतिपिंड बनवी, ती त्याला आपल्या पद्धतीने नाव देई. अमेरिकेतील ऑर्थो कंपनीत पॅट्रिक कुंग यांनी बनवलेल्या प्रतिपिंडांना कंपनी आणि व्यक्ती यांच्या आद्याक्षरांवरून 'ओकेटी' हे नाव मिळाले. बोस्टनचे संशोधक 'टी' आणि क्रमांक वापरत. दुसऱ्या एका कंपनीची मालिका 'ल्यू' या नावाने चाले. परिणामी एकाच प्रथिनाला कोणी 'ओकेटी४' म्हणे, कोणी 'टी४', कोणी 'ल्यू-३'. शेजारचे दुसरे प्रथिन एकाचे 'ओकेटी८', तर दुसऱ्याचे 'ल्यू-२'. क्रमांकही जुळत नसल्याने दोन निबंध एकाच पेशीविषयी बोलत आहेत की वेगवेगळ्या, हे वाचकाला कळेना.

१९८२ मध्ये पॅरिस येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. तेथे 'कोणाचे नाव चांगले' असा वाद करून निर्णय केला गेला नाही. अनेक प्रयोगशाळांची प्रतिपिंडे एकत्र मागवली, ती विविध पेशींवर लावून पाहिली आणि कोणती प्रतिपिंडे कोणत्या पेशींना चिकटतात याचे तक्ते केले. ज्यांचे वर्तन सारखे, त्यांचा एक गुच्छ केला. गुच्छाला क्रमांक दिला. 'क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन' या शब्दांची आद्याक्षरे म्हणजे 'सीडी'. 'ओकेटी४', 'टी४' आणि 'ल्यू-३' ही प्रतिपिंडे एकाच गुच्छात आली, तो गुच्छ 'सीडी४'. पुढे नियम असा स्थिरावला, की किमान दोन स्वतंत्र मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी ओळखल्याशिवाय पक्का क्रमांक द्यायचा नाही. पुरावा अपुरा असेल तर क्रमांकाआधी 'डब्ल्यू' हे अक्षर लावून नाव तात्पुरते ठेवायचे. अशा क्रमांकांची संख्या आज साडेतीनशेच्या पुढे गेली आहे.

म्हणजे येथे नाव शेवटी आले, आधी पकड तपासली गेली. परिभाषा समित्यांच्या कामाचा क्रम सामान्यतः उलटा असतो.

लक्षणाचे तीन दोष

आपल्या न्यायशास्त्राला ही तपासणी अपरिचित नाही. वस्तूचे लक्षण म्हणजे व्याख्या करताना तीन दोष टाळावेत, असे तर्काचे पाठ सांगतात. गाईचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 'शिंगे असलेली ती गाय' म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'अखंड खुराची ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी हे लक्षण मात्र सर्व गाईंना लागते.

प्रतिपिंडांचे दोष नेमके हेच आहेत. प्रतिपिंड ज्याच्यासाठी बनवले त्याखेरीज इतर प्रथिनांनाही चिकटले तर ती अतिव्याप्ती. म्हणून सावध संशोधक ते प्रथिन मुळीच नसलेल्या पेशींवरही प्रतिपिंड लावून पाहतो. जिथे लागू नये तिथे ते लागत नाही ना, ही खरी परीक्षा. अव्याप्तीचे उदाहरण 'ओकेटी४'चेच आहे. काही व्यक्तींच्या सीडी४ प्रथिनात जन्मतः एवढाच फरक असतो, की 'ओकेटी४' ज्या भागाला चिकटते तो भाग बदललेला असतो. केवळ या प्रतिपिंडाने तपासले तर त्या माणसाच्या रक्तात सीडी४ पेशी नाहीतच असे वाटेल. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटणारे प्रतिपिंड लावले की पेशी दिसतात. असंभवही घडतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रथिनाला आतील प्रतिपिंड चिकटतच नाही. संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचा दर्जा सुधारावा, अशी मागणी २०१५ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एकत्रितपणे केली, ती अशाच अनुभवांमुळे. बाटलीवरचे नाव हे आतल्या पकडीचे प्रमाणपत्र नसते. पारिभाषिक कोशातील नोंदीविषयीही हेच म्हणता येईल.

'माझा सीडी फोर किती?'

हा क्रमांक प्रयोगशाळेतून बोलीत आला तो एड्समुळे. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांना एका अनोळखी आजाराच्या रुग्णांमध्ये टी४ पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. त्या नाहीशा झाल्या हे कळले, कारण मोजणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे नुकतीच उपलब्ध झाली होती. १९८४ मध्ये लंडन आणि पॅरिस येथील दोन गटांनी दाखवले, की सीडी४ला चिकटणारे प्रतिपिंड आधी लावून ठेवले तर विषाणू पेशीत शिरू शकत नाही. विषाणूचे दार तेच प्रथिन होते. ओळखण्यासाठी बनवलेल्या साधनाने कारणही दाखवून दिले.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. तेव्हा औषध कोणाला सुरू करायचे हे ठरवण्यात सीडी४चा आकडा निर्णायक होता. एका घन मिलिमीटर रक्तात दोनशेहून कमी, ही सुरुवातीची सीमा. ती टप्प्याटप्प्याने वर नेण्यात आली आणि २०१७ पासून आकड्याची वाट न पाहता प्रत्येक बाधिताला औषध देण्याचे धोरण आले. मधल्या वर्षांत हा शब्द हजारो घरांत पोहोचला. 'माझा सीडी फोर किती?' हे वाक्य मराठी झाले.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने या वाक्यातील लक्षणा पाहावी. 'सीडी४' हे प्रथम प्रतिपिंडांच्या गुच्छाचे नाव. तेथून ते त्या प्रतिपिंडांनी पकडलेल्या प्रथिनाचे झाले. मग ते प्रथिन अंगावर वागवणाऱ्या पेशीचे. आणि रुग्णाच्या तोंडी ते अशा पेशींच्या संख्येचे झाले. चार पायऱ्यांचा हा प्रवास वीस-पंचवीस वर्षांत घडला आणि कोणत्याही समितीने तो ठरवला नव्हता.

मोजणीची रीतही पाहावी. रक्तात रंगीत चमक देणारी प्रतिपिंडे मिसळतात. मग पेशी एकामागून एक लेसरच्या झोतासमोरून जातात आणि यंत्र प्रत्येकीचा रंग टिपते. केवळ सीडी४चा रंग पुरत नाही, कारण मोनोसाइट नावाच्या पेशींवरही हे प्रथिन थोड्या प्रमाणात असते. म्हणून सीडी३चा रंगही पाहतात. दोन्ही खुणा असलेलीच पेशी मोजली जाते.

आता अनुवादाकडे वळू. रुग्णाला समजावे म्हणून 'सीडी फोर म्हणजे पांढऱ्या पेशी' असे सांगण्याची पद्धत आढळते. ही सरळ अतिव्याप्ती आहे. पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला साधारण चार ते अकरा हजार असतात, तर सीडी४ पेशी निरोगी माणसात साधारण पाचशे ते पंधराशे. एकूण पांढऱ्या पेशी ठीक असूनही सीडी४ धोक्याच्या पातळीवर असू शकतात. 'पांढऱ्या पेशी सात हजार' हे वाचून निर्धास्त झालेल्या माणसाची फसवणूक शब्दाने केलेली असते. 'पांढऱ्या पेशींपैकी इतर पेशींना कामाला लावणाऱ्या पेशी' एवढे लांब सांगावे लागले तरी चालेल.

एक शब्द, तीन कामे

उलट दोषही आहे. 'अँटिबॉडी' हा शब्द लोकांच्या कानावर तीन वेगळ्या संदर्भांत पडतो. लसीनंतर 'अँटिबॉडी तयार झाल्या' म्हणजे संरक्षण मिळाले. येथे प्रतिपिंड रक्षक आहे. एचआयव्हीच्या तपासणीत 'अँटिबॉडी आढळल्या' म्हणजे संसर्ग झाला आहे. येथे ते साक्षीदार आहे, आणि या साक्षीदाराला विषाणूचा बंदोबस्त करता आलेला नाही. प्रयोगशाळेत बाटलीतले प्रतिपिंड पेशी ओळखते. येथे ते साधन आहे.

भारतातील एचआयव्हीचा पहिला पुरावा दुसऱ्या अर्थाने मिळाला. १९८६ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजमधील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. डॉ. सॉलोमन या चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे या महाराष्ट्रीय कुटुंबातल्या. त्यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या नावात वाय. आर. गायतोंडे यांचे नाव आहे.

साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. बाधित आईची प्रतिपिंडे गर्भाला नाळेतून मिळतात. अठरा महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात ती सापडू शकतात, जरी बाळाला संसर्ग झालेला नसला तरी. साक्ष खरी असते, पण ती आईची असते. म्हणून तान्ह्या मुलांत प्रतिपिंडे शोधण्यावर न थांबता विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधतात. 'बाळ पॉझिटिव्ह आहे' या तीन शब्दांत हा भेद हरवला, तर एखाद्या घरात विनाकारण अंधार पसरतो.

या कसोटीवर हिंदी आणि मराठी शब्द ताडून पाहावेत. हिंदी पाठ्यपुस्तकांत 'प्रतिरक्षी' हा शब्द रूढ आहे. तो सुबोध आहे, पण प्रतिपिंडाच्या तीन कामांपैकी एकच काम सांगतो. एचआयव्हीबाधिताच्या रक्तात 'प्रतिरक्षी' सापडले, असे वाचणारा विद्यार्थी रक्षणाची कल्पना करील. मराठीतला 'प्रतिपिंड' आणि वृत्तपत्रांतला 'प्रतिद्रव्य' हे शब्द कामाविषयी मौन पाळतात. मौन पाळणारा शब्द समजावून सांगावा लागतो, पण तो चुकीचे वचन देत नाही. या ठिकाणी तो मला अधिक विश्वसनीय वाटतो. 'अँटिबॉडी' वापरायलाही हरकत नाही. हरकत आहे ती काम न सांगता शब्द टाकून पुढे जाण्याला.

अध्यापनासाठी

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे वैद्यकीय शिक्षणाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत बऱ्याच इंग्रजी संज्ञा देवनागरी लिपीत तशाच ठेवल्या आहेत. त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. संज्ञा तशीच ठेवणे हा दोष नाही आणि गुणही नाही. 'सीडी४'चे भाषांतर करण्यात काही साधणार नाही, कारण तो शब्द नसून एक संकेत आहे आणि त्याची पकड तपासलेली आहे. भाषेचे काम त्याच्या भोवती आहे. हा आकडा कशाचा, कोणत्या पेशींचा, त्याच्या कमी-जास्त होण्याचा अर्थ काय, हे मराठीत स्वच्छ सांगता आले पाहिजे.

मराठीच्या वर्गात एक स्वाध्याय सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरात ऐकू येणारी दहा वैद्यकीय नावे जमवावीत. 'शुगर', 'बीपी', 'पांढऱ्या पेशी', 'अंगात रक्त कमी' यांसारखी. प्रत्येक नावाला तीन प्रश्न विचारावेत. हे नको तिथेही लागते का? हवे तिथे लागायचे राहते का? आणि मुळात कशालाच लागत नाही, असे तर नाही? उत्तर एका माणसाकडून न घेता दोन स्वतंत्र ठिकाणांहून घ्यावे, एक आशा कार्यकर्तीकडून आणि एक विज्ञानाच्या शिक्षकाकडून. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर त्या नावापुढे तात्पुरतेपणाची खूण करावी आणि शोध चालू ठेवावा.